भाऊमामांचं ‘येतो’

शुक्रवारी कुवेतमधल्या, एगैलातल्या आमच्या घरून निघताना भाऊमामा चपला घालता घालता म्हणाले, “येतो रे.” अख्ख्या मराठी मुलखात निघताना ‘येतो’ म्हणतात. पण माझ्या आजोळी, रत्नागिरीकडच्या त्या घरात, हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. सरळ ‘जातो’ म्हणतात. ऐकणाऱ्याला अभद्र वाटतं, वाटू दे! आणि रविवारी अब्बासियातून मामांच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला... मामा झोपेतच गेले होते.

या ‘जातो’चं मूळ म्हणजे मामांचे पणजोबा. इंग्रजांच्या मळेवाल्यांसाठी माणसं गोळा करणारा दलाल गावात आला. पाच वर्षांचा करार, मग परत घरी, असं गोड बोलला. पणजोबा बायकोला “येतो” म्हणाले आणि मॉरिशसच्या उसात गडप झाले. त्यांच्या आधी तिथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. “गुलामी बंद केली म्हणून साहेब मिरवतो,” मामा तावातावाने सांगायचे, “आणि त्याच गुलामांच्या खोपटांत आमच्या माणसाला नेऊन निजवलान. वर अंगठा घेतलान, म्हणजे तो राजीखुशीने गेला! लबाड मेले!” पणजी जन्मभर वाट पाहत बसली.

मामा सुतारकामाच्या कंत्राटावर कुवेतला आले तेच संशय घेऊन. चहा पाजणाऱ्या मुदीराकडे, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरकडेही, ते डोळे बारीक करून बघायचे. तरी उतरल्या उतरल्या पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत गेलाच. हे कायद्यात बसत नाही, मी म्हणायचो. “कायदा साहेबाकडेही होता रे, बाळ्या.”

गेल्या वर्षी गुडघे पार गेले. मामांना कायमचं घरी जायचं होतं, बाकी काही नको होतं. पण पासपोर्ट सापडेना. ‘बुक्रा’, उद्या... रोज उद्याच. मी भांडायला गेलो, तर मलाही चहा मिळाला.

त्या शुक्रवारी मात्र स्वारी खुशीत होती. मुदीराने खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता. “या वेळी खरं वाटतंय रे,” मामा म्हणाले. जन्मात कुणावर विश्वास न टाकलेला माणूस! त्या आनंदात ‘येतो’ निसटलं, की त्यांना काही कळून चुकलं होतं... मला अजून उमगत नाही.

मामा गेल्याचं कळवलं आणि तासाभरात पासपोर्ट सापडला. मुदीराने तो दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी खरं होतं का, देव जाणे. मला मात्र इतका संताप आला होता की त्याचा चहा तसाच टाकून मी निघालो.

हल्ली लेक सकाळी शाळेला निघते. “येते, बाबा.”

“जाते म्हण.”

“व्हाय?”

बायको डोळे वटारते, सकाळी सकाळी काय हे अभद्र! मी ऐकत नाही. लेक कंटाळून “ओके, जाते” म्हणते, तेव्हाच मी दाराची कडी काढतो.