माझा ठिपका कुठे थांबला

भाजी घेताना मला एकदा जरा चक्कर काय आली, मुलाने माझ्या मोबाईलमध्ये नकाशाचं एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात मी म्हणजे एक ठिपका. ठिपका चालतोय तोवर ठीक, थांबला की याचा ऑफिसातून फोन. खारीगावात शिंपिणीकडे ब्लाउज उसवून घ्यायला बसले, फोन. देवळात टेकले, फोन. एकदा रिक्षावाला सीएनजीच्या रांगेत लागला, तर म्हणे पंपावर काय करतेयस. चौसष्टाव्या वर्षी मला माझ्याच गावात उभं राहायची चोरी झाली. मी भांडले. सून म्हणाली, काळजीपोटी करतोय. अहो, हा दहावीला होता तेव्हाही मी याच्यावर अशी पाळत ठेवली नव्हती.

आईला मोबाईलमधलं काही कळत नाही, हे त्याने धरूनच चाललेलं. त्या नकाशात तोही मला दिसतो, हे शेजारच्या गुजराती बाईने दाखवलं. मला आनंदच झाला. म्हटलं, आता तू चहाला थांबलास की माझा फोन.

मंगळवारी अकराला बघितलं. त्याचा ठिपका अंधेरीच्या ऑफिसात नव्हता. इथेच होता, जवळच्या मुर्धा गावात, खाडीकाठी. दोन वाजले तरी जागचा हलला नाही. बुधवारीही तेच.

गुरुवारी मी रिक्षा केली. जुन्या मिठागराच्या बांधावर तो एकटाच डबा खात बसला होता. मी सकाळी दिलेली भेंडी. नोकरी गेली होती, हे कळायला आता अ‍ॅप लागत नव्हतं. मला राग आला, घरी सांगायला याला काय झालं होतं? पण रिक्षा थांबवू दिली नाही. पुढे राई गावाच्या नाक्यावर उतरले आणि ठिपका थांबल्याबरोबर फोन आलाच.

"आई, राईला काय करतेयस?"

"मासळी बघतेय. तू कुठेयस?"

"ऑफिसात."

"बरं. भेंडी संपव, टाकू नकोस."

मग तो हळूच म्हणाला, "आई, मी दिसतो तुला?"

"दिसतोस," म्हटलं. "रिक्षा घेऊन परत मागे येतेय. तिथेच थांब."