आक्कांचं मनगट

आक्का मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, "फार दुखतंय का?" आक्का म्हणाल्या, "ते दुखेल तितकं दुखू द्या. मलम घोटायला हात कधी मोकळा होईल ते सांगा." डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "त्या शुद्धीवर आहेत. त्यांचं असंच असतं."

आक्कांनी अठ्ठावीस वर्षं रस्ते झाडले. काम उजाडायच्या आत सुरू व्हायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायचं. धूळ आणि झळ, दोन्ही थेट तोंडावर. एका उन्हाळ्यात गालांची सालं निघायला लागली, तेव्हा त्यांनी कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल आणि मधाच्या पोळ्याचं मेण यांचं मलम घरीच करून पाहिलं. पहिली तीन पातेली वाया गेली, चौथं जमलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात झाडणाऱ्यांच्या टोळीतल्या अकरा जणींना आक्कांच्या घरून एकेक डबी मिळायची. निवृत्त झाल्यावरही त्यात खंड पडला नाही. डबी देताना बजावून सांगायच्या, "ऊन अडवणं रुमालाचं काम. हे नंतरची आग शमवतं. आणि गोरं-बिरं करत नाही, उगाच आरशाकडे पळू नका."

यंदा टोळी सोमवारी येणार होती आणि आक्कांचा हात गळ्यात अडकवलेला.

"मी करते," सून म्हणाली. ती एका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. बोलायची कमी, पण बोललेलं मागे घ्यायची नाही.

"तू? तुला ते क्रीम वाटतं."

"क्रीमच आहे ते, आई."

"मलम आहे," आक्का म्हणाल्या आणि खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या.

सुनेने सगळं नीट केलं. कोरफडीची पानं कापून उभी ठेवली, पिवळा चीक पुरता निथळू दिला, मगच गर काढला. गरम पाण्यात वाटी ठेवून तेलात मेण वितळवलं. आक्कांनी सांगितलं, "आता खाली उतरव. मनगटाला कोमट लागलं, की गर आणि गुलाबपाणी बारीक धारेनं सोड आणि घोटत राहा."

सुनेने थेंबभर तेल मनगटावर घेतलं, मान हलवली, धार सोडली. हात दुखेपर्यंत घोटलं. तेल वर आलं आणि पाणी तळाशी बसलं.

"घाई केलीस."

"नाही केली."

रविवारी सकाळी दुसरं पातेलंही तसंच फाटलं. आता शेवटचा मेणाचा गोळा राहिला होता, लिंबाएवढा. मधवाला पुढच्या महिन्याशिवाय फिरकणार नव्हता. अकरा बायका येतील, रिकाम्या हातांनी परत जातील, एवढंच आक्कांच्या डोळ्यांपुढे येत होतं.

तिसऱ्यांदा मेण वितळलं. सुनेने थोडं थांबून थेंब मनगटावर घेतला. "झालं कोमट."

आक्कांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डाव्या हाताचं बोट वाटीत बुडवलं आणि चटकन मागे घेतलं. "हे कोमट?"

"मला तर कोमटच लागतंय."

"इकडे आण हात."

आक्कांनी तो हात उलटा करून उजेडात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे जुने डाग होते आणि कातडी राठ झाली होती. सात वर्षं हा हात रोज वाफेत होता. याच हाताचं जेवण त्या दोन वेळा जेवत होत्या, पण असा उलटा करून कधी पाहिला नव्हता.

"चूक तुझी नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी माझ्या मनगटाचं कोमट तुला सांगत बसले; तुझ्या हाताला गरमही कोमटच लागतं. थांब, माझ्या डाव्या हाताला लावून बघू. मी सांगते कधी ते."

"नको," सून म्हणाली. "दर वर्षी तुमचाच हात लागणार असेल, तर मला आलं कुठे?"

तिने वाटी खाली ठेवली, जरा विचार केला. मग थोड्या वेळाने चमच्याच्या पाठीला तेल घेतलं आणि चमचा गालाला टेकवला. थांबली. पुन्हा टेकवला.

"हे काय करतेस?"

"लावायचं तोंडाला, मग मनगटाला कशाला विचारायचं? इस्त्रीपाशी तोंड नेत नाही मी. गाल शाबूत आहे."

आक्का बघत राहिल्या. इतक्या उन्हाळ्यांत त्यांना हे सुचलं नव्हतं.

चौथ्यांदा चमचा टेकवल्यावर सुनेने धार सोडली. घोटता घोटता वाटीतलं पिवळं तेल दुधाळ झालं, मग दाटलं, मग चमच्यामागे वळ्या पडायला लागल्या. आक्कांनी बोटभर घेऊन गालावर फिरवलं. गाठ नाही, पाणी नाही. त्यांनी पदराने उगाचच नाक पुसलं.

"जमलंय का, आई?"

"माझं चौथ्यांदा जमलं होतं," आक्का म्हणाल्या. "तुझं तिसऱ्यांदा."

सोमवारी पाळी सुटल्यावर टोळी आली. खोलीत चपला मावेनात. फ्रिजमधून डब्या निघाल्या. पंधरा दिवसांत संपवा, फ्रिजबाहेर ठेवू नका, नवीन असाल तर आधी कानामागे लावून बघा, हे सगळं यंदा सुनेनेच सांगितलं. टोळीतल्या सगळ्यांत जुन्या बाईंनी, ज्यांना सगळ्या शिट्टी म्हणायच्या, झाकण उघडून वास घेतला, हाताच्या पाठीवर चोळून पाहिलं.

"आक्का, प्लास्टरमध्ये सुद्धा हात तसाच आहे गं तुझा. उलट यंदा मलम मऊ झालंय."

सून भिंतीशी उभी होती. आक्का एरवी कौतुक ऐकून "चला, चला" करत विषय बदलायच्या. आज त्यांनी सगळ्या गप्प होईपर्यंत वाट पाहिली.

"हात माझा नाही," त्या म्हणाल्या. "क्रीम हिनं केलंय. आणि कसं केलं ते तिलाच विचारा, मलाही कालच कळलं."