कोरडे तांदूळ

नव्वदच्या दशकात शहापूर तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका होते आणि शाळेत विज्ञान शिकवत होते. एका सकाळी पिण्याच्या पाण्याच्या पिंपात कुणीतरी रॉकेल ओतलं. वास लक्षात येईपर्यंत तीन लहान मुली ते पाणी प्यायल्या आणि ओकून ओकून निपचित पडल्या. त्याआधी पिंपापाशी दोघीच गेल्या होत्या, दोघीही नववीतल्या; त्यातली एक वैशाखरे गावची.

स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, दोघींना तांदूळ चघळायला द्या. जिचे भिजणार नाहीत तिनेच केलं. अंधश्रद्धा म्हणून मी हे उडवून लावायला हवं होतं. पण मी पडले विज्ञानाची बाई. घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते, हे मीच वर्गात शिकवलेलं. शहाणपणाचा आव आणून मी दोघींच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले.

वैशाखऱ्याची मुलगी थरथरत होती. तिने थुंकलेले दाणे कोरडे ठणठणीत. दुसरीच्या तांदळाचा लगदा झाला होता. मी तिच्या घरी निरोप धाडला. संध्याकाळच्या एसटीने तिचा बाप येऊन लेकीला घेऊन गेला.

चार दिवसांनी पिंपाला पुन्हा तोच वास आला. मी दुसरीला बोलावलं, तिची नाडी धरली आणि सरळ विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "आदीपण मीच. कोणी इचारलाच नाय."

बोटांखालचे ठोके जराही वाढले नाहीत. माझेच कानात वाजत होते. कित्येक वर्षांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की काही मुलांच्या अंगात भीती फारशी उमटतच नाही. पकडलं गेलं तरी छाती धडधडत नाही, दुसऱ्याचं रडणं बघूनही नाही. अशांना लहानपणीच समजून घ्यावं लागतं, असंही त्या म्हणाल्या. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि मला स्वतःचाच संताप आला. त्या दिवशी मात्र एवढंच कळत होतं, की चुकीची मुलगी घरी गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वैशाखरे गाठलं. ती अंगण सारवत होती. खरं कोणी केलं ते कळलंय, चूक माझी झाली, परत चल, असं मी तिला बापासमोर सांगितलं. बाप लगेच तिची पेटी आणायला आत गेला. ती जागची हलली नाही.

"माजे तांदूळ कोरडे निघाले ना, बाई," ती म्हणाली. "मंग मीच केला असंल."