आत्यांचं नाक

सकाळी अकराच्या सुमाराला शेजारच्या आत्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि मान वर करून हवा हुंगायच्या. मग निकाल लागायचा. "तिसऱ्या घरात फोडणी न्हाई. आल्या कांजिण्या."

आमच्या पारगावात कांजिण्या म्हणजे देवी घरी आली, आणि देवी असेतो त्या घरात फोडणी घालत नाहीत. लोक आजार लपवायचे, पण वास कुठून आणणार? एकदा एका बाईचा नुसता उपास होता. तिच्या पोराचा सदरा आत्यांनी भर रस्त्यात वर करून पाहिला. काही सापडलं नाही. "उद्या निघंल," म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त मीच.

आत्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्या नाकाला खरं काम लागलं. लेकीला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या, आणि पोटुशी बाईला त्यांची लस देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवस भरत आलेले. आत्या आधी गल्ली हुंगून यायच्या, मगच लेकीला बाहेर काढायच्या.

आमच्याकडे मात्र ती बिनघोर यायची. माझ्या पोरीला, परीला, कांजिण्यांची लस टोचलेली होती ना! त्या आठवड्यात परीच्या पाठीवर सात पुटकुळ्या उठल्या. ताप नाही, काही नाही. डास चावले असतील म्हणून आम्ही सोडून दिलं. पोह्यांना झणझणीत फोडणी बसली. आत्यांनी दारातूनच वास घेतला आणि लेकीला आत पाठवलं. परीनं तिच्या पोटाला कान लावून बाळाशी खूप गप्पा मारल्या.

दोन आठवड्यांनी लेक अंगभर फुलली. तिसऱ्या दिवशी बाळंत झाली. मग बाळालाही निघाल्या. आधी मंचर, मग पुणे, मग काचेची पेटी. बाळ परत आलं नाही.

मी गुपचूप परीला डॉक्टरांकडे नेलं. पाठीवरचे डाग बघून ते म्हणाले, लसीनं आपलं काम केलं, म्हणून सातावर भागलं. हिचा दुसरा डोस राहिलाय. एका डोसानंतर काही मुलांना अशा हलक्या कांजिण्या येतात, आणि त्या दुसऱ्याला लागतातही.

घरी आलो, तर आत्या गल्लीमागच्या माळावर निघालेल्या, अख्खी गल्ली मागे. तिथं ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, बांबू-पाचटाच्या झोपड्या. "महिना झाला, ह्यांच्याकडनं फोडणीचा वास न्हाई," आत्या म्हणाल्या. "हितनंच आलं."

एकेका पोराचा सदरा वर झाला. एकाच्याही अंगावर काही नव्हतं. एक बाई सांगत होती, "चटणी-भाकर खातो आमी, ताई. फोडणी कशाला घालायची?" अंधार पडायच्या आत कोप्या मोडून बैलगाड्यांत भरल्या गेल्या. मीही चार बांबू उचलून दिले.

परतताना आत्यांनी माझ्या दंडाला धरलं. "भाऊ, तुमी पोरीला लस दिली, लई बरं केलं. गल्लीत एक तुमचंच घर चोख."

मी मान डोलावली.

महिन्याभरानं त्या लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना बाळासाठी शिवलेलं टोपडं परीला देऊन म्हणाल्या, "बाहुलीला घाल." बाहुलीला ते जरा सैल होत होतं. परीच्या आईनं टाका घालून नीट बसवून दिलं.