दाराबाहेरचे बूट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुला सांगतेय तर ऐक — आणि मधेच "जाऊ दे गं" म्हणू नकोस. मला पाठीवरून हात फिरवून घ्यायचा नाहीये.

मंदा मला आवडायची नाही. का? काय घोडं मारलं होतं तिनं माझं? काही नाही. बीडकडची, नवऱ्यानं टाकलेली, चिखलीत आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. चाकणला एकाच कंपनीत, एकाच लाइनवर आम्ही दोघी. पस्तिशी उलटल्यावर दोघींनी कॉलेजात नाव घातलं, रविवारचे तास. कल्पना माझी होती, बरं का! आणि मार्क मात्र तिला. सर भर वर्गात म्हणायचे, मंदाताईंचा पेपर बघा. मी बघायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग कळलं, एक संस्था मोठ्या वयाच्या गरजू बायकांची फी भरते. दोघींनी अर्ज केला. माझा आठवड्यात परत — नवरा कमावता आहे म्हणून. तिचा पुढं गेला. आता फक्त घरी येऊन बघणार होते, बाई खरंच एकटी राहते का. ही मदत नाही मिळाली तर कॉलेज सोडावं लागेल, असं ती मला म्हणाली होती. म्हणजे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

संस्थेच्या मॅडम न कळवता आल्या. त्या आठवड्यात मंदा पहिल्या शिफ्टला, माझी दुसरी, म्हणून मी घरी. तिच्या दाराला कुलूप, आणि दाराबाहेर पुरुषाचे सेफ्टी शूज.

आता हे बूट — कसं सांगू? एकटी बाई बघून कुणी पिऊन दार वाजवू नये, घरात गडी माणूस आहे असं वाटावं, म्हणून ठेवलेले. आमच्याकडे बऱ्याच जणी ठेवतात. हे माझ्याच नवऱ्याचे जुने. तिला आणून दिले कुणी? मी.

मॅडमनी विचारलं, "हे कुणाचे हो?"

एक वाक्य पुरलं असतं. एक! मी ओढणी सावरली आणि म्हटलं, "मला काय ठाऊक, मॅडम? कोण येतं, कोण जातं — आपण कशाला बघायचं लोकांच्या घरात?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांना पाणी दिलं, चहाचंही विचारलं. लाज वाटली का? छे! बरं वाटलं. जिरली एकदाची, असं वाटलं.

अर्ज नामंजूर झाला. कारण कुणी सांगितलं नाही. मंदा तिची सगळी पुस्तकं घेऊन माझ्या दारात आली. "तुमाला लागतील, ताई," म्हणाली. "माझंच कायतरी चुकलं आसंल फॉर्मात."

नुसती भित्री असते तर गप्प बसले असते. मी गप्पही बसले नाही. पुस्तकं हातात घेतली आणि म्हणाले, "असेल. धांदरटच आहेस तू."

"व्हय," म्हणाली ती.

त्याच पुस्तकांवर मी बी.ए. झाले. पहिला पेढा तिलाच दिला — आणि तेव्हाही बोलले नाही.