वंशावळीचा आडवा कागद

आमच्या घरात कॉम्प्युटरमधला जाणकार मी, हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गोष्ट दोन हजार सालानंतरची. मंचरला मी आणि बायकोनं तीन महिन्यांचा कोर्स लावला होता. मला दुसऱ्याच महिन्यात सगळं आलं, म्हणून मी जायचा थांबलो. बायको शेवटपर्यंत गेली. तिला जरा वेळ लागतो, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो.

त्या वर्षी भावकीनं ठरवलं, यात्रेच्या जेवणाला सगळ्यांना एक पुस्तिका द्यायची. पुढे घराण्याची माहिती, मधे वंशावळ, मागे आरत्या. "द्या इकडं, मी करतो," असं म्हणणारा अर्थात मीच.

माहिती झाली, आरत्या झाल्या. वंशावळ मात्र कागदाच्या रुंदीत मावेना. थोरल्या चुलत्यांचा गोतावळा पहिल्या कागदावर बसला आणि धाकट्या चुलत्यांची, म्हणजे नानांची शाखा पुढच्या कागदावर गेली. दोघा भावांची वाटणी झाल्यापासून बोलणं बंद. आणि मी शहाण्यानं तो नमुना नेऊन दिला नेमका नानांच्याच हातात.

"मला भावकीतनं काढलं व्हय रं?"

"नाना, कागदावर जागा पुरली न्हाई."

"रानाच्या वाटणीलाबी हेच ऐकलं व्हतं मी. एका कागदावर घे. नायतर आमी जेवायला येनार न्हाई. आमची चूल आमी मांडू."

नाना बोलले की करणारच. यात्रेला एका भावकीच्या दोन पंगती झाल्या असत्या, आणि त्याला कारण कोण, तर मी.

उपाय सोपा होता. कागद आडवा करायचा. केला. तर आरत्यांसकट अख्खी पुस्तिकाच आडवी झाली. परत उभी केली, तर नाना बाहेर. दोन दिवस हेच. नाना आत आले की आरत्या आडव्या, आरत्या उठून बसल्या की नाना बाहेर. शेवटी मी प्रिंटरमधेच कागद आडवा खुपसला. त्यानं तो चावून चोथा करून परत दिला.

बायको वालाच्या शेंगा सोलत हे सगळं बघत होती.

"अहो, सेक्शन ब्रेक टाका की."

"माहितीये मला."

"मग टाका."

मी सगळे मेनू एकेक करून उघडले आणि परत मिटले.

बायको आणे गावच्या कोरड्या पठारावरची. पाणी कुठं अडवायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "एकाच वाफ्याला पाणी द्यायचं तर काय करता? वर बांध, खाली बांध. तसं वंशावळीच्या आधी एक ब्रेक, नंतर एक ब्रेक. मग मधल्या वाफ्यात उभं राहून कागद आडवा करा. बाकीचे वाफे कोरडे."

"एवढंच?"

"एवढंच न्हाई. त्यात सुनांची, लेकींची नावं घाला. सगळे बाप्येच दिसत्यात. पोरं काय तुमी झाडावरनं तोडून आणली?"

नावं वाढली, अक्षरं मुंगीएवढी झाली. लाईट जायची वेळ जवळ आलेली. मी घाईघाईनं वरचा बांध घातला, कागद आडवा केला, आणि नाना-नानी लेकरांसकट एका कागदावर! त्या आनंदात मी पुढं काही न बघता प्रिंट काढली. मंचरला जाऊन शंभर झेरॉक्स केल्या, कोपऱ्यात पिना मारल्या.

यात्रेच्या दिवशी नाना मांडवाच्या कडेलाच थांबले. पुस्तिका फिरवून आडवी धरली, डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवत फिरवत गेले. मग एकदम ओरडले, "अगं ये, तू बी हायेस की यात!" आणि नानींना घेऊन आत आले.

आरती सुरू झाली. सगळ्यांनी मागची पानं उघडली. मग अख्ख्या भावकीनं एकदम पुस्तिका आडव्या केल्या. खालचा बांध मी घातलाच नव्हता. बायको आरतीच्या ताटावरून माझ्याकडे बघत होती.

"आरत्या आडव्या कशापायी रं?" थोरल्या चुलत्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "असू दे की, दादा. एका कागदावर घेतलंय ना त्यानं."

नानांना थोरल्यांशी बोलताना मी किती वर्षांनी ऐकत होतो! थोरल्यांनी जेवताना नानांकडे आमटीचं भगुणं सरकवलं.

पुढं काही वर्षं यात्रेची आरती आमच्याच पुस्तिकेवर झाली, मग कुणीतरी विकतची, सरळ छापलेली आरत्यांची पुस्तिका आणली. नानांनी ती नवी पुस्तिका हातात घेतली, सवयीनं आडवी धरली, आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यांनी चुकीची छापलीय राव."