आर्डिस घाट चढली

आमच्या गावात आर्डिस ट्वेटला सगळे ओळखतात ते शाळेच्या स्वयंपाकघरामुळे. तीसेक वर्षं तिनं गावाच्या पोरांना दुपारचं जेवण वाढलं. आज पोटं सुटलेले बाप्येही ती दुकानात समोर आली की नकळत टोपी काढतात. मी आर्डिस आणि तिच्या नवऱ्याच्या समोरच्या घरात राहते, त्यामुळे ही हकीकत मी दोघांच्याही तोंडून ऐकली आहे, आणि दोघं ती वेगवेगळी सांगतात.

तिचा नवरा डेल गुरांचा ट्रक चालवायचा. पूर्व मोंटानातल्या या सपाट मुलखातून निघायचं, डोंगर ओलांडायचे, गुरं पोचवायची आणि परत यायचं, हे त्याचं आयुष्य. आर्डिस मात्र गाडी घेऊन चर्च आणि किराणा यापलीकडे फारशी गेली नाही. तिला जाण्याची इच्छा नव्हती असं नाही. घरात एक माणूस सतत रस्त्यावर असला की दुसऱ्यानं घरात असावं, असं ते आपोआप ठरून गेलं होतं.

मग डेलला डोळ्यांचा आजार निघाला. नजरेच्या मधलं सगळं पुसट होत गेलं, फक्त कडेचं दिसायचं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. डेल दिवसभर ओसरीवर बसून राहायचा. कॉफी गार आहे, कॉफी गरम आहे, कुत्रा भुंकतो, कुत्रा भुंकत नाही, कशावरूनही कुरकुर करायचा.

एका वसंतात दोघं माझ्या स्वयंपाकघरात बसलेले असताना तो म्हणाला, "सगळा जन्म मी त्या डोंगरांतून गेलो, पण एकदाही थांबलो नाही. मागे गुरं उभी असली की थांबता येत नाही."

"मग चल, आता थांबू," आर्डिस म्हणाली.

"आणि गाडी कोण चालवणार?"

"मी."

डेल हसला. तो हसला नसता तर ती गेली असती की नाही, मला शंका आहे.

जुलैच्या सुरुवातीला ते निघाले. बिलिंग्जपर्यंत रस्ता सरळ, तिथवर ठीक चाललं. पुढे रेड लॉज गाव सोडून बेअरटूथचा घाट लागला तशा डेलच्या सूचना सुरू झाल्या. गिअर खाली घे, ब्रेकवर पाय ठेवू नकोस, आत घे. त्याला रस्ता दिसत नव्हता, पण घाट कसा चढायचा ते पाठ होतं. शेवटी तिनं शांतपणे सांगितलं, की आणखी एक शब्द बोललास तर तुला इथंच अस्वलांपाशी उतरवीन.

निम्मा घाट चढल्यावर एका वळणावर समोरून आत राहायची सोय असलेली मोठी घरगाडी आली. आर्डिसनं आपली गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली आणि बंद केली. खाली दरी होती. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"मला नाही जमणार, डेल."

डेलनं धीर दिला नाही, की चुचकारलंही नाही. त्यानं सांगितलं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो रिकामा ट्रक घेऊन चुकून याच घाटात शिरला होता. असाच एका वळणावर थांबला आणि रडला. मागून आलेल्या एका पोस्टमननं पुढे राहून त्याला वर नेलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं गाडी सुरू केली. माथ्यावर अजून बर्फ होता. बर्फाच्या कडेला गवतात नखाएवढी निळी फुलं. डेल ती बघायला गुडघ्यांवर बसला आणि मान वळवून भलतीकडे बघू लागला, कारण फुलं दिसायची तर त्याला त्यांच्याकडे बघून चालत नव्हतं. शेजारच्या प्रवाशांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

पुढे यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात बायसन या रानटी गुरांचा कळप रस्त्यात उभा राहिला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. आर्डिस फार बोलणारी बाई नाही, पण आता तिला बोलावं लागलं. वासरं कशी आहेत, डेलनं विचारलं. तांबूस आहेत, ती म्हणाली, मोठी मात्र तुझ्या जुन्या कोटाच्या रंगाची, आणि तितकीच झडलेली. तो खिडकीतून बाहेर वास घेत राहिला. गुरांपेक्षा वेगळा वास येतो, म्हणाला. कळप हलेपर्यंत दोघांनी सँडविच खाल्ली.

उद्यानातून उत्तरेला बाहेर पडून ते लिव्हिंगस्टनला आले. तिथून घराकडे जायचं तर उजवीकडे वळायचं. डेल म्हणाला, "डावीकडे विल्सॉल. जायचं का?"

आर्डिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. विल्सॉलजवळ तिच्या वडिलांची गुरं पाळायची रँच होती. दुष्काळाच्या एका वर्षी ती विकावी लागली. गुरं न्यायला जे ट्रक आले त्यांतला एक डेलचा होता. त्या दिवशी वडील गोठ्यामागे जाऊन बसले आणि फाटक आर्डिसनं धरलं. ती एकोणीस वर्षांची होती. शेवटची गाय चढल्यावर डेलनं थर्मासमधली कॉफी तिला दिली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. महिन्यानं तो परत आला, त्या वेळी ट्रक न आणता. त्यांचं लग्न झालं, पण ती त्या खोऱ्यात पुन्हा कधी गेली नाही.

"तुला ती जागा अजून सापडेल?" तिनं विचारलं.

"वाट वाकडी करून नेहमी जायचो मी. कुंपणाबाहेरून बघायचो."

"कशाला?"

"कुणीतरी बघायला हवं होतं ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस. मग मी काय करणार होतो?"

तिनं गाडी डावीकडे वळवली.

आता ती रँच चालवणारी जोलीन रान्स्ट्रॉम नावाची मधल्या वयाची बाई घोड्यावर होती. उन्हाळी कुरणाकडे गुरं वर न्यायचं काम चाललं होतं आणि माणसं कमी होती. आर्डिसनं, ही जागा माझ्या वडिलांची होती, एवढं सांगितलं. जोलीननं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कॉफी नंतर देते," ती म्हणाली. "आधी ते वरचं फाटक धराल का?"

आर्डिसनं फाटक धरलं. गायी आणि वासरं धूळ उडवत तिच्या समोरून गवताकडे गेली. एक कालवड बाजूला फुटली, तेव्हा आर्डिसनं अशी हाक मारली की कुंपणाला टेकलेला डेल दचकला. शाळेत ओरडायची तो आवाज निराळा होता. हा त्यानं लग्नानंतर कधीच ऐकला नव्हता. कालवड मुकाट्यानं कळपात गेली.

मग जोलीनच्या टेबलावर सगळ्यांबरोबर भाजलेलं मांस आणि घेवडा खाल्ला. गोठ्याला नवं छप्पर होतं. घराचा रंग बदलला होता. आर्डिस रडली नाही. परतीच्या वाटेवर मात्र ती वडिलांबद्दल बोलू लागली. ते कसे चिडायचे, घोड्याशी कसे बोलायचे, गाव सोडल्यावर लाकडाच्या वखारीत काम करताना कसे मुके झाले. बिलिंग्ज येऊन गेलं तरी ती बोलतच होती. डेल म्हणतो, त्या प्रवासात त्याला सगळ्यात जास्त काही दिसलं असेल तर ते त्या शेवटच्या टप्प्यात.

घरी आल्यावर आठवड्याभरात तिनं थोरल्या बहिणीला फोन केला. कॉर्लिस स्पोकेनला राहते. तीही कधी रँचवर परत गेली नव्हती. मी तेव्हा आर्डिसच्याच घरी भाजी निवडत बसले होते.

घर कसं आहे, असं कॉर्लिसनं विचारलं असणार.

"आपलं नाही," आर्डिस म्हणाली, "पण बरं आहे. वर गवत छान आहे." मग बराच वेळ तिकडचं ऐकून घेतलं. "बस कशाला? मी येते तुला न्यायला."

स्पोकेन आमच्या गावापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि तेही ओलांडून पुढे. ऑगस्ट संपायच्या आत ती जाऊन बहिणीला घेऊन आली, आणि दोघी विल्सॉलला चार दिवस राहिल्या.